एकच दिशा, दोन वेग: अंबाजोगाईजवळ पत्र्याच्या हॉर्नने आकाशगंगेचं फिरणं मोजताना

बालाघाटच्या पठारावर, अंबाजोगाईच्या जवळच्या एका महाविद्यालयात, बी.एस्सी. तृतीय वर्षाच्या दोन तुकड्यांनी एकाच उपकरणाने, म्हणजे रेडिओ लहरी गोळा करणाऱ्या पत्र्याच्या नरसाळ्याने (हॉर्नने), आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा वेग मोजला. दिशाही एकच होती: गरुड तारकासमूहात, आकाशगंगेच्या केंद्रापासून पट्ट्याच्या रेषेत ४० अंशांवर. पहिल्या तुकडीने एप्रिलमध्ये मोजला, पुढच्या वर्षीच्या तुकडीने ऑक्टोबरमध्ये. पहिल्यांना उत्तर आलं सेकंदाला सुमारे ४० किमी. दुसऱ्यांना नव्वदच्या वर.

दोन्ही आकडे बरोबर होते. ते कसे, आणि त्यांतून आकाशगंगेच्या फिरण्याबद्दल काय ठरवता आलं नि काय ठरवता येत नाही, याची ही नोंद मी प्रकल्पाचा मार्गदर्शक म्हणून लिहीत आहे. मराठवाड्यातल्या इतर महाविद्यालयांना हे करून पाहता यावं म्हणून साधनांचं आणि अडचणींचं जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होणार आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांना मंजुरी दिली, तेव्हापासून आमच्या वर्गात खगोलशास्त्राचे प्रश्न वाढले. गुरुत्वीय लहरी काही महाविद्यालयाच्या गच्चीवरून मोजता येणार नाहीत. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आहेत, तसंही काही आपल्याकडे उभं राहणार नाही. पण रेडिओ खगोलशास्त्रातला एक मोठा शोध अगदी लहान साधनाने लागलेला आहे, आणि आम्ही तोच धागा धरला.

डोळ्यांनी पाहायला गेलं तर आकाशगंगेच्या पट्ट्यात फार आतलं दिसत नाही, कारण मधली धूळ प्रकाश अडवते. हायड्रोजनच्या रेडिओ लहरींना मात्र ही धूळ अडवत नाही. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा त्यांचा गुणधर्म) एका दिशेला असले की ऊर्जा किंचित जास्त असते. इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटला की तेवढी ऊर्जा २१ सेमी लांबीच्या लहरीच्या रूपात बाहेर पडते. तिची वारंवारता १४२०.४०६ मेगाहर्ट्झ. एकट्या अणूच्या बाबतीत हे सरासरी १.१ कोटी वर्षांतून एकदा घडतं, पण आकाशगंगेत हायड्रोजन इतका पसरलेला आहे की ही लहर रात्रंदिवस येतच असते. अशी लहर मिळायला हवी हे हेंड्रिक व्हॅन डी हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये सांगितलं. ती प्रत्यक्ष पकडली हॅरल्ड यूएन आणि एडवर्ड पर्सेल यांनी, २५ मार्च १९५१ रोजी, हार्वर्डमध्ये. त्यांचं साधन म्हणजे प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर बसवलेला, प्लायवूडचा, आतून तांब्याचा पत्रा लावलेला हॉर्न. पाऊस आला की तो नरसाळ्याचं काम करी आणि पाणी थेट प्रयोगशाळेत येई.

वायू आपल्यापासून दूर जात असेल तर ही वारंवारता कमी भरते, जवळ येत असेल तर जास्त. सेकंदाला १ किमी वेगामागे सुमारे ४.७४ किलोहर्ट्झचा फरक पडतो. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या आरटीएल-एसडीआर डोंगलला, म्हणजे संगणकाला जोडायच्या छोट्या रेडिओ ग्राहकाला, एवढा फरक सहज कळतो.

चाचांचा पत्रा

हॉर्न कुठे बनवायचा हा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटला. मराठवाड्यात प्रत्येक तालुक्याच्या गावात जीआय पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीर असतात. मार्च लागला की त्यांना मान वर करायला फुरसत नसते, पण जानेवारीत हातात वेळ असतो. आमच्या गावातल्या कूलरवाल्या चाचांनी नकाशा पाहिला, फूटपट्टी लावली आणि पहिलाच प्रश्न अगदी नेमका विचारला: "सर, कूलरात सूत-दोन सूत इकडंतिकडं खपून जातं. ह्यात चालतंय का?"

चालतं. लहर २१ सेमीची असल्यामुळे हॉर्नच्या भिंतीत एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर, इकडेतिकडे झालं तरी फरक पडत नाही. तोंड ७५ सेमी रुंद आणि ६० सेमी उंच. मागे निमुळता होत हॉर्न १६.५ सेमी गुणिले ८.३ सेमीच्या चौकोनी पेटीत उतरतो. या पेटीत मागच्या बंद बाजूपासून सुमारे सात सेंटिमीटरवर तांब्याची एक उभी काडी बसवायची. हीच खरी अँटेना. तिची लांबी पाव लहरीएवढी, म्हणजे पाच सेंटिमीटरच्या किंचित वर. इथे मात्र सूत चालत नाही. विद्यार्थिनींनी कानसने ती काडी थोडी थोडी घासत आणली आणि दर वेळी संगणकावरचा आलेख पाहिला. कोपऱ्यांतल्या फटी चाचांनी सोल्डर करून बुजवल्या, कारण रिव्हेटमधल्या फटींतून बाहेरचा गोंगाट आत येतो.

काडीला लागूनच १४२० मेगाहर्ट्झसाठी बनवलेला, फिल्टर असलेला अँप्लिफायर जोडला. तो जितका काडीजवळ तितकं बरं, कारण मधल्या केबलमध्ये जे हरवतं ते परत मिळत नाही. फिल्टर नसता तर मोबाइल टॉवरनेच डोंगल भरून गेला असता. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासारख्या, फक्त ऐकणाऱ्या कामांसाठी राखून ठेवलेला आहे. तिथे कुणी प्रक्षेपण करायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे, आणि त्या नियमाचा फायदा खोडदइतकाच आपल्या गच्चीलाही मिळतो. तरी गच्चीवर एलईडी ट्यूब आणि इन्व्हर्टर यांची किरकिर फार निघाली, म्हणून हॉर्न एका विद्यार्थ्याच्या शेतात हलवला. तिथे लॅपटॉप बॅटरीवर चालवला. थ्री फेज लाइट आली आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पडला की पडद्यावर क्षणभर उभी रेघ उठायची. तेवढा क्षण नोंदीतून वगळला की भागतं.

एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगण्यासारखी आहे. दुर्बिणीने आकाश पाहणाऱ्यांचे जून ते सप्टेंबर हे महिने ढगांत जातात. २१ सेंटिमीटरला ढगांचा जवळजवळ काहीच अडथळा होत नाही, दिवसाउजेडीही काम चालतं. हॉर्नच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद ताणून बांधला की श्रावणातही मोजमाप होतं.

नेमकं काय मोजायचं

आकाशगंगेचं केंद्र धनू राशीच्या दिशेला आहे. तिथून पट्टा वर सरकत गरुडातून हंसाकडे जातो. समजा आपण केंद्रापासून ४० अंशांवर पाहतो आहोत. ही दृष्टिरेषा सूर्याच्या कक्षेच्या आत शिरते, केंद्राच्या जास्तीत जास्त जवळ एका बिंदूपर्यंत जाते आणि पुन्हा बाहेर पडते. त्या बिंदूवरचा वायू बरोबर दृष्टिरेषेच्या दिशेनेच धावत असतो, म्हणून त्या दिशेला दिसणारा सगळ्यांत मोठा वेग त्याचाच असतो. आलेखात हायड्रोजनचा उंचवटा असतो, आणि त्याची दूर जाणाऱ्या बाजूची शेवटची कड म्हणजे हा बिंदू. त्याचं केंद्रापासूनचं अंतर भूमितीने मिळतं: सूर्याचं अंतर गुणिले कोनाची साइन. वेगही तसाच: मोजलेला कमाल वेग अधिक सूर्याचा वेग गुणिले साइन.

आता या कमाल वेगाने काय ठरतं? आम्ही विद्यार्थ्यांपुढे तीन शक्यता ठेवल्या आणि मोजायच्या आधी तिन्हींची उत्तरं काढायला लावली. सूर्याचा वेग सेकंदाला २२० किमी धरला. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने १९८५ मध्ये शिफारस केलेला हा आकडा आहे.

पहिली शक्यता अशी की सगळी आकाशगंगा एकसंध चकतीसारखी फिरते. खळ्यावर मेढीला जुंपलेली बैलांची पात आठवा: मेढीजवळचा बैल जागच्या जागी वळतो आणि कडेच्या बैलाला धावावं लागतं. तसं असेल तर आपल्यात आणि आतल्या वायूत अंतर वाढतही नाही, घटतही नाही, आणि कमाल वेग सगळ्या दिशांना शून्य यायला हवा. दुसरी शक्यता अशी की जवळजवळ सगळं वस्तुमान केंद्रात आहे आणि बाकीचं त्याच्याभोवती ग्रहांसारखं फिरतं. मग आतले वेगवान, बाहेरचे मंद. ३० अंशांवर कमाल वेग २०० किमीच्या आसपास, ४० अंशांवर १३३, ६० अंशांवर ४६. तिसरी शक्यता अशी की केंद्रापासून कुठेही गेलात तरी वेग साधारण तोच, २२०. मग ३० अंशांवर ११०, ४० अंशांवर ७९, ६० अंशांवर २९.

३० अंशांवर शून्य, ११० की २००? वारंवारतेत बोलायचं तर सुमारे ५२० किलोहर्ट्झचा फरक की ९५० चा? हे ओळखायला मोठी वेधशाळा लागत नाही. या प्रकल्पाचं बळ इथे आहे, आणि मला वाटतं शिकवतानाही भर इथेच द्यावा. आपण एखादा आकडा दशांशापर्यंत मिळवायला निघालेलो नसतो. तीन चित्रांपैकी कोणतं खरं ते आपण ठरवत असतो.

एप्रिल आणि ऑक्टोबर

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात गरुडातली ती जागा पहाटे सहा-सव्वासहाच्या सुमारास माथ्याच्या जराशी दक्षिणेला येते. ऑक्टोबरमध्ये तीच जागा संध्याकाळी सहाच्या सुमारास तिथेच असते. दोन्ही तुकड्यांनी हॉर्न तिथेच रोखला आणि काही मिनिटं नोंद घेतली. मग पट्ट्यापासून दूरच्या आकाशाची नोंद घेऊन तिने भागलं, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा चढउतार निघून जातो. कड कुठे वाचायची याचा नियमही एकच होता: शेवटच्या उंचवट्याच्या निम्म्या उंचीवर. वायूला स्वतःचीही सेकंदाला आठ-दहा किमीची घालमेल असते, म्हणून अगदी पायथ्याशी वाचलेली कड फसवते.

तरी ४० आणि नव्वदच्या वर असा फरक आला. तिसऱ्या शक्यतेचं उत्तर ७९, दुसरीचं १३३. दोन्ही नोंदी ७९ च्या दोन बाजूंना.

साहजिकच पहिला संशय डोंगलवर गेला. पन्नासेक किमीचा फरक म्हणजे जवळजवळ २५० किलोहर्ट्झ. १४२० मेगाहर्ट्झच्या मानाने ते दहा लाखांत १७० पेक्षा जास्त भाग होतात. साध्या डोंगलचा क्रिस्टल उन्हाने तापून बराच सरकतो हे खरं, पण आमच्या डोंगलला तापमान सांभाळणारा क्रिस्टल होता आणि त्याची चूक दहा लाखांत एखाद-दुसऱ्या भागाची असते. मोबाइल टॉवरचा जीएसएम सिग्नल फार काटेकोर वारंवारतेचा असतो, त्याच्याशीही ताडून पाहिलं. डोंगल ठीक होता.

मग तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने दोन्ही आलेखांच्या प्रिंट विभागाच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरल्या. मागून ऊन येत होतं, त्यामुळे दोन्ही रेघा दिसत होत्या. कडा जुळत नव्हत्या. तिने वरचा कागद हळूहळू डावीकडे सरकवला, आणि सगळंच जुळलं: शेवटची कड, मधली खाच, आणि सूर्याच्या शेजारच्या वायूचा उंच सुळकाही. "सर, आकार तोच आहे, अख्खा आलेखच सरकलाय," ती म्हणाली.

या एका वाक्याने प्रकरण सुटलं. आकाशगंगेत खरोखर काही बदललं असतं, किंवा कड वाचण्यात गफलत असती, तर फक्त कड हलली असती. शेजारचा वायू तर आपल्याबरोबरच फिरतो, त्याचा वेग शून्याच्या आसपास हवा. तोही तेवढाच सरकला, म्हणजे हललो होतो आपण.

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किमी वेगाने फिरते. एप्रिलच्या सुरुवातीला ती जवळजवळ गरुडाच्या त्या भागाकडेच धावत असते आणि ऑक्टोबरमध्ये बरोबर उलट. ती दिशा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीपासून २९ अंश वर असल्यामुळे तिकडचा वाटा २६ किमी येतो. एप्रिलमध्ये आपण दूर पळणाऱ्या वायूच्या मागे धावतो, म्हणून त्याचा वेग २६ ने कमी दिसतो. ऑक्टोबरमध्ये २६ ने जास्त. दोन्हींतला फरक ५२. शिवाय सूर्यही आजूबाजूच्या ताऱ्यांच्या सरासरीच्या मानाने सुमारे २० किमी वेगाने शौरी तारकासमूहाच्या बाजूला सरकतो आहे. त्यातला १८ किमीचा वाटा या दिशेला येतो आणि तो बारा महिने सारखाच असतो. दोन्ही दुरुस्त्या मिळून एप्रिलच्या आकड्यात ४४ मिळवायचे आणि ऑक्टोबरच्या आकड्यातून ८ वजा करायचे. दोन्हीकडून उत्तर आलं ८५ च्या आसपास.

ही दुरुस्ती करून देणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, तारीख, वेळ आणि जागा दिली की आकडा हातात. ती वापरावीतच. पण एकाच दिशेच्या दोन नोंदी सहा महिन्यांच्या अंतराने घेण्याचा आग्रह मी यापुढे प्रत्येक तुकडीला धरणार आहे. पृथ्वी फिरते हे पाठ असलेली मुलं इथे ते स्वतः मोजतात, आणि तेही आकाशगंगेला खूण धरून.

दुरुस्तीनंतर बाकीच्या दिशा मार्गी लागल्या. ३० अंशांवर ११५ च्या जवळपास, ५० वर साठच्या किंचित पुढे, ६० वर ४०. सूर्याच्या २२० किमी वेगाचा वाटा मिळवल्यावर वेग आले सगळीकडे २२५ ते २३० च्या दरम्यान. दहा किमी इकडेतिकडे धरायलाच हवं. तरी पहिली शक्यता बाद, दुसरीही बाद.

पोस्टरवरची ओळ

विद्यापीठ पातळीवरच्या संशोधन स्पर्धेसाठी पोस्टर तयार झालं, तेव्हा सगळ्यांत वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "कृष्णद्रव्याचा पुरावा". ही ओळ मी काढायला लावली. मुलं नाराज झाली, आणि ते समजण्यासारखं होतं. पण या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही.

कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या वस्तुमानाचा, युक्तिवाद दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाचा आहे. तारे आणि वायू विरळ होत गेल्यावर वेग उतरायला हवा, आणि तो उतरत नाही. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे वेग प्रसिद्ध केले, त्यांचं महत्त्व यातच होतं. आमची मोजणी मात्र सगळी सूर्याच्या कक्षेच्या आतली. तिथे आपल्या आकड्यांवरून सुमारे दहा हजार कोटी सूर्यांएवढं वस्तुमान निघतं, आणि त्यात दिसणाऱ्या ताऱ्यांचा नि वायूचा वाटा मोठा आहे. वेग सपाट आला म्हणजे सगळं वस्तुमान केंद्रात एकवटलेलं नाही, ते पसरलेलं आहे, एवढंच सिद्ध होतं. पसरलेलं वस्तुमान दिसतं की दिसत नाही, याबद्दल हॉर्न काही सांगत नाही.

सूर्याच्या कक्षेबाहेर ही पद्धत चालतच नाही. ९० अंशांच्या पुढे गेलं की दृष्टिरेषा कुठल्याही आतल्या वर्तुळाला शिवत नाही, त्यामुळे मोजलेला वेग किती अंतरावरच्या वायूचा ते कळायला मार्ग नसतो. तिथे ज्यांचं अंतर वेगळ्या रीतीने कळतं असे तारे लागतात. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांचा उपयोग इथे झाला. २०१९ मध्ये आयलर्स आणि सहकाऱ्यांनी तांबड्या राक्षसी ताऱ्यांवरून सूर्याच्या जागी २२९ किमी वेग काढला, आणि बाहेर जाताना तो उतरतो, पण अगदी सावकाश, असं दाखवलं.

पोस्टरवरचा २२० हा आकडाही तपासून घ्यावा लागला. तो आम्ही मोजलेला नाही, गृहीत धरलेला आहे. कमाल वेग काय तो आमचा. सूर्याच्या वेगाचा आजचा आधार वेगळाच आहे. केंद्रातली धनू-ए-तारा ही रेडिओ खूण क्वेझारांच्या, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांच्या तेजस्वी केंद्रांच्या, मानाने दरवर्षी विकलेच्या (अंशाच्या ३,६०० व्या भागाच्या) सुमारे ६.४ सहस्रांशांनी सरकताना दिसते, कारण आपण तिच्याभोवती फिरतो. केंद्राचं अंतर ग्रॅव्हिटी या उपकरणाने २०१९ मध्ये सुमारे २६,७०० प्रकाशवर्षं दिलं. अंतर गुणिले सरकण्याचा दर, त्यातून सूर्याची स्वतःची चाल वजा, की वेग येतो २३६ च्या जवळपास. म्हणजे सूर्याला एक फेरी घालायला साधारण २१ कोटी वर्षं लागतात. विद्यार्थ्यांनी २२० च्या जागी २३६ घालून आलेख पुन्हा काढला. तो बाहेरच्या बाजूला किंचित वर उचलला गेला, २३३ पासून २४४ पर्यंत, पण तिसरी शक्यताच कायम राहिली. पोस्टरवर शेवटी दोन्ही आलेख गेले आणि वरची ओळ झाली: "आकाशगंगा एकसंध चकतीसारखी फिरत नाही, सूर्यमालेसारखीही नाही". परीक्षकांनी सगळ्यांत जास्त वेळ खिडकीवर जुळवलेल्या त्या दोन आलेखांपाशी घालवला.

राहिलेलं काम

आमच्या हॉर्नची नजर २० अंश रुंद आहे, चंद्राच्या ४० पट. ३० अंशांवर रोखला की तो २० पासून ४० पर्यंतचं सगळं एकत्र ऐकतो. केंद्राच्या बाजूच्या वायूचा वेग जास्त असल्यामुळे कड थोडी वर सरकते, आणि आमचे आकडे तिसऱ्या शक्यतेच्या उत्तरांपेक्षा सगळीकडे जरा जास्त आले त्यात या रुंदीचा हात आहे. २० अंशांवरची नोंद याच कारणाने आलेखात घेतली नाही. शिवाय तिथून आत आकाशगंगेच्या मधल्या, ताऱ्यांच्या लांबट दांड्याचा प्रभाव सुरू होतो. वायू गोल फिरत नाही, आणि गोल फिरण्यावरच उभी असलेली ही सगळी भूमिती तिथे लागू पडत नाही.

खेड्यापाड्यांत केबलवाल्यांच्या आठ फुटी जाळीच्या डिश गंजत पडलेल्या असतात. जाळीची भोकं दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असली की २१ सेंटिमीटरच्या लहरीला ती जाळी सलग पत्र्यासारखीच. अशा डिशची नजर सहा अंशांची होते. तिसऱ्या तुकडीने एक मिळवली आहे, आणि हॉर्नची पेटीच तिच्या मध्यभागी बसवायची आहे. आधी ३०, ४०, ५० आणि ६० अंश पुन्हा मोजायचे, रुंदीमुळे किती चढले होते ते पाहायचं, आणि मगच २० अंशांकडे वळायचं, असं ठरलं आहे.